बोटीच्या टाकीची निर्धोक दुरुस्ती

"आग लागत नसते, ती कुणीतरी लावत असते! फक्त आपण लावली हे लावणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही!"

हे गौरांग देवपुजारीचे लाडके वाक्य. विमा कंपनीतर्फे आगीच्या धोक्याची पाहणी करणे हा त्याचा व्यवसाय होता, आणि सावनेरच्या कापसाच्या जिनिंगपासून कामठीच्या गोदामांपर्यंत त्याने हे वाक्य इतक्यांदा उच्चारले होते, की तिकडचे मालक त्याला पाहताच आधी बिडी विझवत आणि मग नमस्कार करीत. अशा माणसाने महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या रात्री, ताटावर बसल्या बसल्या जाहीर केले, "उद्या सकाळी मी बोटीची टाकी दुरुस्त करणार. संपूर्ण निर्धोक पद्धतीने!" तेव्हा घरातल्या तिन्ही बायकांनी एकदम हात धुतले.

सक्करदऱ्याच्या गल्लीतल्या एका दुमजली घराच्या अंगणात बोट काय करीत होती, हे सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे नाल्याचे पाणी घरात शिरले होते. दिवाणखान्यात आपलाच सोफा संथपणे, जणू काही निरोप घेत, दाराच्या दिशेने निघालेला गौरांगने डोळ्यांनी पाहिला. भिंती वाळल्या, सोफाही वाळला. पण त्या पहाटे मनात शिरलेली ओल काही वाळेना. शेवटी त्याने कन्हानच्या चंपतरावांकडून एक जुनी मोटारबोट विकत घेतली आणि चाकांच्या सांगाड्यावर चढवून अंगणात आणून ठेवली. तेव्हापासून पाण्याने या गल्लीकडे ढुंकूनही पाहिले नाही. कुणाच्या तरी स्वप्नातून चुकून उतरलेली आणि परतीची वाट विसरलेली अशी ती बोट पारिजातकाखाली उभी होती, आणि गेल्या आठवड्यापासून तिची पेट्रोलची टाकी पाझरत होती.

"गळत नाही जी ते!" चंपतरावांनी फोनवर खुलासा केला होता. "जागा नवी हाय, घाम येऊन राहिला तिले!"

हा घाम एका ठिणगीचीच वाट पाहत होता. उद्या संध्याकाळी महालक्ष्म्या येणार, परवा त्यांचे जेवण. अंगणात मांडव, घरभर समया, धूप, कापूर, आचाऱ्याची भट्टी आणि गणगोताची गर्दी. गौरांगला रात्री डोळे मिटले की फक्त एक निळसर ज्योत दिसे.

"बोट तरी ठेवा, नाहीतर महालक्ष्म्या तरी बसवा," त्याची बायको सुरुची म्हणाली. "दोन्ही एका अंगणात नको!"

"दोन्ही राहतील," गौरांग म्हणाला. "शास्त्र पाळलं की काही होत नाही."

"आमचं शास्त्र की तुझं?" यमुताईंनी विचारले. आईच्या या प्रश्नाला त्याने त्या रात्री हसून उत्तर दिले. पुढे दोन दिवसांनी त्याला ते हसू फार महागात पडले!

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत संचारबंदी लागू झाली. बोट ढकलत बाहेर मोकळ्या हवेत आणली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कोळशासकट पलीकडच्या गल्लीत पाठवले. शेजारच्या प्रेमानंदने बाल्कनीत सिगारेट काढताच गौरांगने खालून असा हात केला, की त्या बिचाऱ्याने ती तशीच, न पेटवलेली, कुंडीत खोचली.

"बाबा, मी व्हिडिओ काढू?" कॉलेजात जाणाऱ्या अस्मिताने विचारले.

"फोन घरात!"

"आणि तुम्ही असे उघडेबंब काहून?"

"टेरिकॉटच्या शर्टाने स्थिर वीज तयार होते. एक ठिणगी पुरे!" असे म्हणून तो सुती पंचा सावरीत, उघड्या अंगाने टाकीवर वाकला.

खरे सांगायचे तर त्याने सारे काही अगदी नीट केले. हातपंपाने पेट्रोल उपसले. टाकी सोडवून बाहेर काढली. साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळली, काठोकाठ पाण्याने भरली, ओतली, आणि तोंड उघडे ठेवून उन्हावाऱ्यात कितीतरी वेळ नुसती पडू दिली. कारण रिकाम्या टाकीतली वाफ ही भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा अधिक घातकी असते, हे तो जाणून होता. वेल्डिंगचे तर त्याने नावही काढू दिले नाही. शिवणीवरचा गंज घासून, ती कोरडी करून, तिच्यावर दोन रंगांची मळून लावायची लुकण थापली आणि ती दगडासारखी होईपर्यंत वाट पाहिली. मग पुन्हा पाणी भरून पाहिले. एक थेंबही नाही! त्या क्षणी त्याला वाटले, जगातल्या सगळ्या भेगा अशाच, थोड्या धीराने, बुजवता येत असाव्यात.

एकच बारीकशी अडचण आली. उपसलेल्या पेट्रोलने त्याचा पत्र्याचा कॅन भरला आणि तरी थोडे उरले. फेकायचे तर नाली; नालीत पेट्रोल म्हणजे गुन्हाच! मग त्याने मागच्या अंगणातून तेलाचा एक रिकामा पिपा आणला, उरलेले पेट्रोल त्यात ओतले, झाकण घट्ट आवळले, आणि तो पिपा घराच्या मागे, सिमेंटच्या टाक्याच्या सावलीत, सगळ्या दिव्यांपासून आणि माणसांपासून दूर ठेवून दिला. भरलेला कॅन तर त्याने प्रेमानंदच्या गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत नेऊन ठेवला. पिप्यात काय, थोडेसेच होते.

संध्याकाळी बोट परत पारिजातकाखाली गेली आणि महालक्ष्म्या आल्या. त्यांच्या मागोमाग बाबाराव आचारी आले आणि त्यांनी भट्टीचे सामान मांडवाशेजारी, फाटकाजवळ, बोटीपासून हाकेच्या अंतरावर उतरवले.

"पुढे नाही!" गौरांग ओरडला. "बोट आहे तिथे! भट्टी घराच्या मागे न्या. पार मागे! टाक्यापाशी!"

"मागं तं मागं," बाबाराव म्हणाले.

आणि गौरांग त्या रात्री लहान मुलासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात बराच वेळ होता. सोवळ्यात वावरायचे, म्हणून त्याने डोक्यावरून भरभरून पाणी घेतले, साबण लावला, पुन्हा लावला. दाराबाहेरून सुरुची काहीतरी म्हणाली. कानात फेस होता. "हो हो!" तो म्हणाला. मग रेशमी मुकटा नेसून, प्रसन्न चित्ताने, मागच्या दारात येऊन उभा राहिला.

समोर भट्टी धडधडत होती. केशरी, तृप्त, गलेलठ्ठ ज्वाळा! कढईत वडे नाचत होते. आणि भट्टीपासून दोन हातांवर तेलाचे पिपे एका रांगेत उभे होते. एकसारखे, चकचकीत, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांसारखे.

गौरांगने टाक्याच्या सावलीकडे पाहिले. तिथे फक्त सावली होती.

तो पायरी उतरून भट्टीपाशी गेला.

"बाबारावजी," तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "इथे टाक्यापाशी एक पिपा होता..."

"इथले समदे पिपे मीनं रांगेत लावून टाकले जी. कसं, हाताशी पाहिजे ना!"

"आणि... किती वापरले?"

"काही खाली झाले, काही भरेल हायेत. काहून?"

"भट्टी जरा... थोडा वेळ विझवता येईल का?"

बाबारावांनी झारा हवेत थांबवला. "इझवू? वडे अर्धे तेलात हायेत साहेब! आन् इझवाले पाणी टाकलं तं तेल उडते. मंग तुमीच बोलान!"

हे खरे होते, आणि गौरांगला ते फार चांगले ठाऊक होते. ठाऊक असणे हाच तर त्याचा शाप होता! ओरडावे, तर घरात म्हाताऱ्याकोताऱ्या, बाहेर पडायला एकच अरुंद बोळ, मध्ये उकळत्या तेलाची कढई. त्याच्या प्रत्येक अहवालात एक ओळ ठरलेली असे: आगीपेक्षा पळापळ अधिक बळी घेते. नाही, कुणालाही काही सांगायचे नाही. शांतपणे पिपा शोधायचा, शांतपणे उचलायचा, शांतपणे बाहेर न्यायचा. आणि पिपा ओळखायचा कशाने? वासाने!

तो पहिल्या पिप्यावर वाकला आणि झाकणाशी नाक नेले. पेट्रोल! दुसरा. पेट्रोल! तिसऱ्यालाही पेट्रोल!

"काय पाहून राहिले साहेब?" बाबारावांचा आवाज बदलला. "तेलात भेसळ वाटते का? शपथ घेऊन सांगतो, सील मीनं तोडलं!"

"तसं नाही हो!"

"मंग नाक काहून लावून राहिले? पंगतीत मान असलेला माणूस मी!"

गौरांगला ते ऐकूही आले नाही. प्रत्येक पिप्यातून तोच एक तीव्र, तेलकट, निळा वास येत होता. म्हणजे वाफ साऱ्या अंगणात पसरली होती! तो वळला. दारातही वास होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही. तो आत शिरला. तिथे सोवळ्यातला स्वयंपाक मांडून ठेवला होता: सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. कुणी तेल समजून तो पिपा आत तर नाही ना आणला? फोडणीत तर नाही ना ओतला? त्याने भाज्यांच्या पातेल्यावर नाक नेले. पेट्रोल. आंबिलीवर नेले. पेट्रोल! कढीचे तर नावच नको!

मग त्याला आठवली समई. समईत सकाळी तेल कुणी घातले?

महालक्ष्म्यांसमोर नैवेद्याचे ताट वाढून तयार होते. दोन्ही मुखवटे शांतपणे हसत होते. वर पुऱ्या-करंज्यांचा फुलोरा टांगला होता, खाली दोन समया तेवत होत्या. गौरांग गुडघ्यांवर बसला, समईच्या दिशेने झुकला, श्वास आत ओढला, आणि तोच वास इतक्या जवळून, इतक्या ओळखीच्या जागेवरून आला, की दचकून तो बाजूला वळला. नाक थेट पुरणाच्या मुदीवर.

"गौरांग!"

दारात यमुताई उभ्या होत्या. त्यांच्यामागे वंदनाआत्या. ही आत्या म्हणजे सोवळ्याओवळ्याचे घराण्यातले सर्वोच्च न्यायालय.

"तू नैवेद्य हुंगलास?" यमुताईंनी विचारले. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

गौरांगच्या नाकाच्या शेंड्याला पुरणाचा एक कण चिकटला होता.

"हुंगलेलं देवाला चालत नाही, बापा," आत्या म्हणाल्या. "फूलही आपण हुंगून वाहत नाही. हे तर महालक्ष्म्यांचं ताट आहे!"

"आत्या, ऐक..."

"आणखी काय काय हुंगलं याने?"

"समदं!" मागच्या दारातून बाबाराव गरजले. "पिपे हुंगले, पातेले हुंगले! मले तं वाटलं मलेच हुंगते का काय!"

बातमी घरभर धावली. मांडवातले पाहुणे दाराशी जमले. कुणी म्हणाले, साखरेचा आजार असेल, पथ्यावरच्या माणसाचे असेच होते. कुणी म्हणाले, नोकरीचा ताण. सुरुची पातेल्यांकडे पाहत भिंतीला टेकली. पहाटेपासून ती आणि अस्मिता राबल्या होत्या.

"आता सगळं पुन्हा करायचं?" ती म्हणाली. "पुरण? सोळा भाज्या? माणसं दारात बसून राहिली आहेत हो! काय होतं तुमच्या मनात?"

"पुन्हा होनार नाही," बाबारावांनी सांगून टाकले. "भट्टीची आच मी आत्ता वाढवली तरच काही..."

"वाढवू नका!" गौरांग किंचाळला.

भट्टीचा आवाज तेवढा मागून येत होता. यमुताई त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मुलगा हातचा गेला की काय, अशी भीती होती. ती भीती पाहून गौरांगचा साऱ्या शास्त्रासकट धीर सुटला.

"पेट्रोल आहे," तो म्हणाला. "बोटीतलं. तेलाच्या पिप्यात भरून मी मागे ठेवलं होतं. तो पिपा हरवलाय. तो भट्टीपाशी आहे. घरभर वाफ आहे. मी तेच शोधत होतो... शांतपणे!"

त्यानंतर शांतता म्हणून काही उरली नाही! सुरुची काही सांगू पाहत होती, पण ते कुणी ऐकले नाही. सर्वांत आधी पळाले बाबाराव, झाऱ्यासकट. पाठोपाठ मांडव रिकामा झाला. खुर्च्या कलंडल्या. कुणाची चप्पल कुणाच्या पायात. बोळातून, फाटकातून, साड्या सावरत सारे गणगोत गल्लीत सांडले. वंदनाआत्यांनी मात्र जाता जाता दोन्ही महालक्ष्म्यांना हात जोडून सांगितले, "बायांनो, तुम्ही बसा. आम्ही आलोच!"

आणि नेमके तेव्हाच धुराचा एक भलामोठा लोट सोडीत चंपतरावांची फटफटी फाटकापाशी येऊन थांबली.

"जेवनं झाले का जी?" त्यांनी पळणाऱ्या गर्दीला विचारले. "काहून पळून राहिले? अन्न संपलं का?"

"पेट्रोलचा पिपा!" गौरांग धापा टाकत म्हणाला. "भट्टीपाशी..."

"कोनता? टाक्याखालचा? तो तं मी नेला सकाळीच! कमळं द्याले आलो होतो ना. बाईसाहेबांनी देला." त्यांनी फटफटीच्या टाकीवर प्रेमाने थोपटले. "हिच्यात टाकला. बोटीचं, ऑइल मिसळेल पेट्रोल. धूर लय देते, पन पळते बरी!"

गौरांग सावकाश सुरुचीकडे वळला.

"मी सांगितलं होतं की!" ती म्हणाली. "भट्टीपाशी नको म्हणून चंपतरावांना देऊन टाकला, असं न्हाणीघराच्या दारातून ओरडून सांगितलं. तुम्ही ‘हो हो’ म्हणालात. दोनदा!"

प्रेमानंद बाल्कनीतून हसला, आणि ते हसू छपरावरून पाणी उतरावे तसे गल्लीभर उतरले.

पण यमुताई हसत नव्हत्या. "पिप्याचं झालं. नैवेद्याचं काय? तो तर हुंगलाच ना!"

पुन्हा सारे गंभीर. सूर्य वर येत होता, माणसे उपाशी होती, आणि सोळा भाज्यांचे भवितव्य एका नाकावर अवलंबून होते.

"पण बाबा," अस्मिताने विचारले, "पिपा इथे नव्हताच, तर तुम्हाला सगळीकडे वास कसा आला?"

हा प्रश्न इतका साधा होता, की वीस वर्षांच्या पाहणीच्या अनुभवात तो गौरांगला सुचला नव्हता. अस्मिता त्याच्याजवळ आली, थांबली आणि नाक मुरडून मागे सरली.

"तुमच्याच अंगाला येऊन राहिला! इथून!" तिने त्याच्या छातीकडे बोट केले.

गौरांगने खाली पाहिले. काल उघड्या अंगाने टाकीवर वाकताना त्याचे जानवे पेट्रोलमध्ये बुडाले असणार. पेट्रोल उडून गेले. त्यातले ऑइल मात्र सुताच्या पदरापदरांत मुरून बसले होते. साबणाचे दोन हात त्याच्यापुढे काहीच नव्हते. तो जिथे जिथे गेला, तिथे तिथे वास त्याच्या गळ्यातूनच सोबत गेला होता. पिळाचे सूत, त्यात तेल. आणि हे गळ्यात घालून तो समईवर वाकला होता!

वंदनाआत्यांनी डोळे बारीक केले. "गौरांग, खरं सांग. आंबिलीचा वास कसा आला?"

"पेट्रोलचा."

"कढीचा?"

"पेट्रोलचा."

"आणि पुरणाचा? वेलची, जायफळ, काही?"

"नाही आत्या. नुसतं पेट्रोल. देवाशपथ!"

आत्यांनी यमुताईंकडे पाहिले. मग सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. "वास आला, तर हुंगलं. अन्नाचा वास याला आलाच नाही. म्हणजे हा नुसता वाकून पाहत होता. वाकून पाहिलेलं चालतं!"

"चालतं?" यमुताईंनी विचारले.

"नमस्कार केला असं धर. मूद तेवढी नवी वाढा."

सुरुचीने जो श्वास सोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. पाहुणे चपला शोधत परत फिरले. बाबारावांनी झारा सावरला आणि करपलेले वडे काढून टाकत, मान उंच करून, भट्टी पुन्हा हाती घेतली. गौरांगही सर्वांसोबत फाटकातून आत निघाला.

"तू कुठे?" यमुताईंनी हात आडवा केला.

"आरतीला!"

"कापूर आहे तिथे. समया आहेत. धूप आहे. आणि तू..." त्यांनी त्याच्या जानव्याकडे पाहिले. "तूच सांग, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

त्याचे शास्त्र स्पष्ट होते. ज्वलनशील वस्तू उघड्या ज्योतीपासून दूर, मोकळ्या हवेत, सावलीत ठेवावी. नवे जानवे देवघरात होते, देवघरात समई होती. म्हणजे आरती संपून कुणी ते बाहेर आणून देईपर्यंत त्याला आत जागा नव्हती.

तो गल्लीत, भिंतीच्या सावलीत, एकटाच बसला. आतून टाळ सुरू झाले. आईचा थरथरता, पण आता निश्चिंत झालेला आवाज त्याला त्या सगळ्या आवाजांतून वेगळा ओळखू येत होता. घर जागच्या जागी होते, माणसे धडधाकट होती, नैवेद्य पोचत होता. त्याने डोळे मिटले, आणि त्यांच्यापुढे ती निळसर ज्योत आली नाही.

काही वेळाने सुरुची ताट घेऊन फाटकात आली. पुरणपोळी, त्यावर तुपाची धार, काठाला नवे जानवे. ती तिथेच थांबली, हात लांब करून तिने ताट भिंतीवर ठेवले आणि शक्य तितक्या दुरून म्हणाली, "हे घ्या. आणि जरा मागे सरका हो, माझ्या हातात आत्ताच निरांजन होतं!"

गौरांगने तिच्या आणि आपल्यामधल्या अंतराकडे अनुभवी नजरेने पाहिले. मग तो उठला आणि स्वतःहून आणखी थोडा मागे सरकून बसला.